सहाध्यायी गुरू आणि गुरुजनांची जबाबदारी

विद्येचा एक चतुर्थांश आचार्यांकडून मिळतो, एक स्वतःच्या बुद्धीने, एक सब्रह्मचाऱ्यांकडून आणि उरलेला काळाच्या ओघात, असे एक जुने संस्कृत सुभाषित सांगते. सब्रह्मचारी म्हणजे एकाच गुरूपाशी आपल्या बरोबरीने शिकणारा सोबती. या वाटणीत ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, आचार्यांच्या वाट्याला जेवढा भाग आला तेवढाच सोबत्याच्या वाट्यालाही आला आहे. रतिभरही कमी नाही. आमच्या महाविद्यालयांनी आचार्यांच्या भागासाठी इमारती बांधल्या, वेतनश्रेण्या ठरविल्या, वेळापत्रके आखली. बुद्धीच्या भागासाठी परीक्षा ठेवल्या. काळ आपले काम आपणच करतो. राहिला तो सोबत्याचा भाग. त्याची व्यवस्था मात्र वसतिगृहाच्या खोलीवर आणि परीक्षेच्या आदल्या रात्रीवर सोडून दिलेली दिसते.

हा भाग प्राध्यापकांनी हाती घेण्याजोगा आहे काय, आणि घेतला तर त्यांनी नेमके काय करावे, हा आजच्या आमच्या विवेचनाचा विषय आहे. प्रश्न नवा वाटला तरी त्याचे उत्तर पुष्कळसे इतिहासात सापडते, आणि त्यातला बराच इतिहास बुधवार पेठेत व तिच्या आसपास घडलेला आहे.

प्रथम आपल्या जुन्या पंतोजींच्या शाळेकडे पाहू. एक पंतोजी, एखाद्या वाड्याची ओसरी किंवा देवळाचा ओटा, आणि लहानमोठी पंचवीस-तीस मुले. कोणी धुळपाटीवर अक्षरे गिरवीत आहे, कोणी मोडी वळणाचा कित्ता काढीत आहे, कोणी पावकी-निमकी घोकीत आहे. अशा ठिकाणी सर्वांना एका माणसाने एकाच वेळी शिकविणे शक्यच नव्हते. म्हणून पुढे गेलेला मुलगा मागच्या मुलाचा हात धरून त्याला अक्षर गिरवावयास लावी; संध्याकाळी परवचा म्हणताना एक मोठा मुलगा पाढा सांगे आणि बाकीचे त्याच्यामागून म्हणत. याला कोणी पद्धती म्हणून नाव दिले नव्हते. नाव द्यावे असे त्यात काही आहे, हेही कोणाच्या ध्यानी आले नव्हते.

ते आले एका परक्या माणसाच्या. अँड्र्यू बेल नावाचा स्कॉटिश धर्मोपदेशक १७८९ पासून मद्रासजवळच्या एग्मोर येथील अनाथ मुलग्यांच्या आश्रमशाळेचा प्रमुख होता. तेथील देशी शाळेतली मुले वाळूवर बोटाने अक्षरे काढताना त्याने पाहिली आणि आपल्या शाळेत तसेच करावे असे ठरविले. त्याच्या हाताखालच्या शिक्षकांनी नाके मुरडली. तेव्हा त्याने जॉन फ्रिस्केन नावाच्या आठ वर्षांच्या मुलाकडे सर्वांत खालचा वर्ग सोपविला. मोठ्या शिक्षकांना जे जमत नव्हते किंवा करावयाचे नव्हते, ते या पोराने करून दाखविले. बेलने इंग्लंडला परतल्यावर १७९७ मध्ये या प्रयोगाचे पुस्तक छापले. तिकडे लंडनमध्ये जोसेफ लँकेस्टर याने १७९८ च्या सुमारास साउथवर्क भागात गरीब मुलांची शाळा काढून अशाच रीतीने शेकडो मुलांना शिकविण्यास आरंभ केला. आधीचा मान कोणाचा, यावरून दोघांच्या अनुयायांत बरीच वर्षे वाद माजला. ज्या मद्रासी मुलांची बोटे वाळूवर फिरत होती, त्यांची आठवण त्या वादात फारशी कोणास राहिली नाही.

पुढची गंमत अशी की, हीच पद्धती विलायती शिक्का घेऊन पुन्हा हिंदुस्थानात आली. पेशवाई बुडाल्यावर मुंबई इलाख्याचा कारभार माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्याकडे आला, आणि १८२२ साली मुंबईत हैंदशाळा व शाळापुस्तक मंडळी स्थापन झाली. मंडळीचे सचिव कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस आणि देशी सचिव सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे. मंडळीने आपल्या शाळांसाठी लँकेस्टरची पद्धती पसंत केली. कारण उघड होते. शाळा पुष्कळ हव्या होत्या, पैसा थोडा होता आणि शिकविण्यास लायक माणसे त्याहून थोडी होती. एक शिक्षक दहा मुलांना शिकवील, ती दहा मुले शंभरांना शिकवितील, हा हिशेब कागदावर फार सोपा दिसे.

येथेच या गोष्टीतला पहिला धडा आहे. ज्या क्षणी मुलाने मुलाला शिकविणे हे शिक्षक कमी लागावेत म्हणून योजिले जाते, त्या क्षणी त्याचा प्राण जातो. इंग्लंडात तसेच घडले. लँकेस्टरच्या शाळेत मुलांवर मुले, त्यांच्यावर आणखी मुले, अशी उतरंड रचलेली होती. शिकविणाऱ्या मुलाला स्वतःला जेमतेम दोन पाने पुढचे येत असे. तो अर्थ सांगू शकत नसे, म्हणून पाठ म्हणवून घेई. आणि पाठ म्हणवून घेता आला नाही तर दरारा बसवी. लँकेस्टरच्या शाळेत चुकार मुलाच्या गळ्यात लाकडी ओंडका अडकवीत, त्याला टोपलीत घालून छताला टांगीत. स्वस्त शिक्षणाची किंमत अशी लहान मुलांनी दिली.

इंग्लंडने ही चूक सुधारली ती १८४६ साली, आणि कशी सुधारली हे मुद्दाम पाहण्यासारखे आहे. जेम्स के-शटलवर्थ यांच्या प्रेरणेने तेथे शिकाऊ विद्यार्थी-शिक्षकांची योजना निघाली. तेरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी पाच वर्षांच्या करारावर शाळेत शिकवू लागे. पण त्याला वेतन मिळे. मुख्याध्यापकाने त्याला शाळेच्या वेळेबाहेर रोज दीड तास स्वतः शिकविलेच पाहिजे असे बंधन होते. आणि या शिकविण्याबद्दल मुख्याध्यापकालाही निराळे मानधन होते. दरवर्षी सरकारी निरीक्षक त्या मुलाची परीक्षा घेई. मुलाने मुलाला शिकविण्याची कल्पना टाकून दिली नाही. तिच्या मागे एक जाणता माणूस उभा केला, आणि त्या माणसाचे श्रम हिशेबात धरले. दोन्ही योजनांतला फरक एवढाच, पण तो एवढासा नाही.

आता पुण्याकडे वळू. १८२१ च्या ऑक्टोबरात दख्खनचे कमिशनर चॅप्लिन यांनी विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली. पेशवे श्रावणमासात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटीत असत. त्या दक्षिणेच्या रकमेतला काही भाग या पाठशाळेसाठी लावून देण्यात आला. बुधवार पेठेपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या या वाड्यात व्याकरण, न्याय, वेदान्त, ज्योतिष, वैद्यक अशा शाखा चालत. शास्त्रीबोवांनी पाठ सांगावा, आणि विद्यार्थ्यांनी आपसांत त्याचे चिंतन करावे, शंका काढाव्या, पूर्वपक्ष-उत्तरपक्ष करावा, ही आपल्या शास्त्राध्ययनाची जुनी रीत. सुभाषितातला सब्रह्मचारी तो हाच. परंतु येथे आपण एक प्रश्न टाळून चालणार नाही. सब्रह्मचारी कोणास म्हणावयाचे? ज्याला गुरूच्या दारातच पाऊल टाकता येत नाही, तो कोणाचा सोबती होणार? पाठशाळेत ब्राह्मणेतरांना प्रवेश नव्हता आणि स्त्रियांचा तर प्रश्नच नव्हता. एक चतुर्थांश सोबत्यांकडून मिळतो हे खरे; पण समाजातल्या बहुसंख्य माणसांना सोबती होण्याचाच अधिकार नसेल, तर त्यांचा केवळ एक चतुर्थांश नव्हे, सगळीच विद्या बुडते.

या प्रश्नाला बुधवार पेठेने उत्तर दिले. १८४८ साली तात्यासाहेब भिडे यांच्या वाड्यात जोतीराव फुले यांनी मुलींची शाळा काढली. तेव्हा जोतीराव जेमतेम विशीतले, आणि त्या शाळेत शिकविणाऱ्या सावित्रीबाई सतरा-अठरा वर्षांच्या. सावित्रीबाईंची स्वतःची तयारी कशी झाली होती? त्या कोणत्याही महाविद्यालयात गेल्या नव्हत्या. जोतीरावांनी त्यांना घरी शिकविले, आणि पुढचा अभ्यास जोतीरावांचे मित्र सखाराम यशवंत परांजपे व केशव शिवराम भवाळकर यांनी करवून घेतला. म्हणजे जोतीराव मिशनच्या इंग्रजी शाळेत शिकले, ते त्यांनी घरात दिले. मित्रांनी त्यात भर घातली. आणि जिला हे मिळाले तिने ते स्वतःपाशी न ठेवता पेठेतल्या मुलींना दिले. एका दिव्याने दुसरा दिवा लावावा तशी ही परंपरा आहे. पण दिवा लावणाऱ्याला दगडधोंडे आणि शिव्याशाप सोसावे लागले, हे विसरून ती नुसती गोड कथा म्हणून सांगणे बरे नव्हे. शिकविणारी आणि शिकणारी यांच्या वयात फार अंतर नसणे ही काही ठिकाणी सोय असते. येथे ते धैर्य होते.

पहिली शाळा काही काळाने बंद पडली. ३ जुलै १८५१ रोजी पुन्हा बुधवार पेठेतच, अण्णासाहेब चिपळूणकर यांच्या वाड्यात, मुलींची शाळा उघडली; मग रास्ता पेठेत आणि वेताळ पेठेत आणखी शाळा निघाल्या. १८५२ च्या नोव्हेंबरात विश्रामबागवाड्यात सरकारतर्फे जोतीरावांचा जाहीर सत्कार झाला. तो ज्यांच्या हस्ते झाला ते मेजर कँडी पूना कॉलेजचे प्रमुख होते. पाठशाळा आणि सरकारी इंग्रजी शाळा मिळून १८५१ मध्ये हे कॉलेज झाले होते. आज हा प्रसंग आपण स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात मोजतो आणि ते योग्यच आहे. पण आमच्या विषयाच्या दृष्टीने त्यात आणखी एक अर्थ आहे. ज्या वाड्यात पूर्वी विद्या मोजक्यांपुरती राखली जात होती, त्याच वाड्यात कॉलेजच्या प्रमुखाने एका तरुण स्वयंसेवी शिक्षकाला सर्वांदेखत मान दिला. अध्यापकाने द्यावयाच्या आधाराचा हा एक प्रकार आहे, आणि तो पैशाने विकत मिळत नाही.

याच सुमारास मुंबईत काय चालले होते तेही पाहण्यासारखे आहे. १८४८ साली एल्फिन्स्टन संस्थेत प्राध्यापक पॅटन यांच्या उत्तेजनाने विद्यार्थ्यांची साहित्य व शास्त्र सभा निघाली. तिच्या मराठी व गुजराती शाखांत विद्यार्थी आपल्या भाषेत निबंध वाचीत. पुढच्याच वर्षी सभेच्या तरुणांनी मराठी व पारशी मुलींच्या शाळा काढल्या आणि स्वतःचे काम सांभाळून सकाळच्या वेळी ते तेथे फुकट शिकवू लागले. दादाभाई नौरोजी त्यांत होते. त्या प्राध्यापकाने काय केले? त्याने सभा भरविण्यास जागा दिली, निबंध ऐकून घेतले, चर्चेस शिस्त लावली, आणि तरुणांनी पुढे पाऊल टाकले तेव्हा त्यांना मागे ओढले नाही. मागे न ओढणे हेही कार्यच आहे, आणि ते वाटते तितके सोपे नाही.

विद्यार्थ्याने विद्यार्थ्याला शिकविण्याची सर्वांत पद्धतशीर योजना आपल्या इलाख्यात झाली ती मात्र दक्षिणा फेलोंची. पेशव्यांच्या दक्षिणेचे काय करावे, यावर पुण्यात मोठी खळबळ झाली होती. लोकहितवादींसारख्या नव्या विचारांच्या मंडळींनी १८४९ च्या सुमारास अर्ज करून तीतला काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांस द्यावा अशी मागणी केली. जुन्या मंडळींनी गहजब केला. पण १८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी अस्तित्वात आली. पुढे याच निधीतून महाविद्यालयांत दक्षिणा फेलो नेमण्याची प्रथा पडली. फेलो म्हणजे पुढच्या परीक्षेचा अभ्यास स्वतः करीत असतानाच खालच्या वर्गांना शिकविणारा हुशार तरुण. १८५९ च्या पहिल्या मॅट्रिकच्या परीक्षेत उत्तीर्ण झालेले महादेव गोविंद रानडे एल्फिन्स्टन कॉलेजात प्रथम कनिष्ठ दक्षिणा फेलो झाले तेव्हा त्यांना दरमहा ६० रुपये मिळत. पुढे ज्येष्ठ फेलो झाल्यावर १२० रुपये. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनाही ही फेलोशिप मिळाली होती. डेक्कन कॉलेजात १८८० च्या आसपास गोपाळ गणेश आगरकर यांनीही एम. ए. चा अभ्यास करताना फेलो म्हणून काम केले. ज्या तिघांनी महाराष्ट्राला विचार करावयास शिकविले, त्यांनी शिकविण्याचे पहिले धडे आपल्याहून दोनचार वर्षांनी लहान असलेल्या विद्यार्थ्यांपुढे गिरविले, हा आम्ही निव्वळ योगायोग मानीत नाही.

कारण या योजनेची घडणच नीट होती. फेलोची निवड गुणावर होई. त्याला वेतन मिळे, म्हणून गरिबाच्या मुलालाही शिकविण्यासाठी वेळ काढता येई. त्याची मुदत ठरलेली असे. आणि तो स्वतः विद्यार्थीच राहत असल्यामुळे त्याला काय कळत नाही ते विचारावयास वर प्राध्यापक असत. लँकेस्टरच्या उतरंडीत यांपैकी बहुतेक गोष्टींची उणीव होती. पेशव्यांची दक्षिणा जन्माने मिळे, ती फेलोशिपच्या रूपाने गुणाने मिळू लागली, हा बदल केवढा मोठा! तरीही मॅट्रिकपर्यंत ज्यांना पोहोचताच येत नव्हते त्यांच्यापर्यंत ती गेली नाही, हेही त्याच दमात सांगितले पाहिजे.

रानड्यांच्या या काळातला एक प्रसंग आमच्या विषयास फार लागू आहे. त्यांनी एका निबंधात मराठ्यांच्या राज्याची इंग्रजी राज्याशी तुलना करून इंग्रजी राज्यावर टीका केली. प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट हे रानड्यांचे गुण ओळखणारे होते, तरी त्यांनी रागावून सहा महिने त्यांचे वेतन थांबविले. तरुणाला शिकविण्याचा अधिकार देणारा गुरूच त्याच्या स्वतंत्र बुद्धीला भ्याला, तर दिलेला अधिकार किती तकलादू ठरतो, हे यावरून दिसते. रानडे यातून खचले नाहीत, ही त्यांची थोरवी. पण प्रत्येक विद्यार्थी रानडे नसतो; तेव्हा व्यवस्था अशी असावी की साध्या विद्यार्थ्यालाही भ्यावे लागू नये. ज्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला ते हेच रानडे. मोठ्यांनी बोलावे, लहानांनी शंका विचाराव्या आणि उद्या त्या लहानांनीच व्यासपीठावर यावे, ही सवय त्यांनी शहराला लावली.

आता आजच्या काळाकडे येऊ. अमेरिकेतील मिझुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी येथील शाखेत १९७३ साली डिअॅना मार्टिन यांनी पूरक शिक्षणाचा एक उपक्रम सुरू केला आणि तो पुढे अनेक देशांत गेला. त्यातली युक्ती साधी आहे. दुबळा विद्यार्थी कोणता ते न शोधता अवघड विषय कोणता ते शोधावयाचे. त्या विषयात पूर्वी चांगला उत्तीर्ण झालेला विद्यार्थी पुन्हा त्याच तासांना बसतो, टिपणे घेतो, आणि नंतर इच्छा असेल त्या सर्वांना घेऊन उजळणी चालवितो. तो व्याख्यान देत नाही. बसलेल्यांकडूनच उत्तर काढवितो. त्याच्या हाती गुण नसतात. प्राध्यापक त्याच्या निवडीस संमती देतो. ‘ढ’ मुलांचा वर्ग म्हणून नाव पडत नाही, म्हणून लाज वाटत नाही. आणि लाज नसली की शंका तोंडातून बाहेर येते. आपल्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही मुलांनी मुलांना शिकविण्याचा उल्लेख आहे. तो शाळांच्या संदर्भात आहे. आणि हे काम ऐच्छिक व आनंदाचे असावे, प्रशिक्षित शिक्षकांच्या देखरेखीखाली व्हावे, असे त्यात म्हटले आहे. के-शटलवर्थचा धडा तेथवर पोहोचला म्हणावयाचा.

या साऱ्या इतिहासातून महाविद्यालयीन अध्यापकांपुढे काही कर्तव्ये आम्हांस स्पष्ट दिसतात. पहिले, निवडीचे. पहिल्या क्रमांकाचा विद्यार्थी उत्तम शिकवितोच असे नाही. ज्याला एखादी गोष्ट कष्टाने उमगली, त्याला ती कोठे अडते हे आठवत असते. वीस वर्षे तोच विषय शिकविणाऱ्या प्राध्यापकाला ती अडचण केव्हाच विसरली असते. सोबत्याचे सामर्थ्य या आठवणीत आहे. दुसरे कर्तव्य वेळ देण्याचे. शिकविणाऱ्या विद्यार्थ्याला आठवड्यातून एकदा तरी प्राध्यापकाने आपल्यापाशी बसवावे, कोणत्या प्रश्नाला सर्वजण अडले ते विचारावे आणि त्याप्रमाणे आपले पुढचे व्याख्यान बदलावे. असे झाले म्हणजे विद्यार्थ्याचा फायदा होतोच, पण प्राध्यापकाचा त्याहून अधिक होतो. वर्गाच्या शेवटच्या बाकावर काय चालले आहे याची खबर त्याला दुसऱ्या कोणत्याच वाटेने मिळत नाही.

तिसरे कर्तव्य मोबदल्याचे व मानाचे. गरीब विद्यार्थ्याने आपली संध्याकाळ दुसऱ्यासाठी खर्च करावी आणि त्याबद्दल त्याला नुसती शाबासकी मिळावी, हे न्यायाचे नाही. दक्षिणा फेलोला वेतन होते, ते आपण ध्यानात ठेवावे. आणि या देखरेखीसाठी प्राध्यापकाचा जो वेळ जातो तोही संस्थेने त्याच्या कामात धरावा. चौथे कर्तव्य अंतर राखण्याचे. सोबत्यांच्या बैठकीत प्राध्यापक येऊन बसला की बोलणे थांबते. त्याने दार उघडे ठेवावे, पण दारात उभे राहू नये. ग्रँटसाहेबांची चूक करू नये.

पाचवे कर्तव्य सर्वांत अवघड आहे, आणि बुधवार पेठेच्या इतिहासाने ते आपल्यावर सोपविले आहे. मुलांना मोकळे सोडले तर ती आपापल्या ओळखीच्यांत बसतात. एकाच शाळेतून आलेली, एकाच भाषेची, एकाच आळीची मुले एकमेकांस टिपणे देतात. खेड्यातून आलेला, घराण्यात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेला मुलगा बाहेर राहतो. वर्ग एकच, पण सब्रह्मचारी मोजकेच, अशी जुनी पाठशाळा आपण पुन्हा उभी करतो, आणि तीही कोणताही नियम न करता. ती मोडावयाची तर अध्यापकानेच हात घातला पाहिजे. गट कोणी करावयाचे, कोणाशेजारी कोणी बसावयाचे, शिकविण्याचा मान कोणाला मिळावयाचा, याकडे त्याने डोळसपणे पाहिले पाहिजे. ज्याला आजवर फक्त मदत मिळत आली, त्याच्याकडून एखाद्या विषयात मदत मागितली गेली, तर त्याची मान जी वर होते ती शंभर उत्तेजनपर भाषणांनी होत नाही.

भिडेवाडा २०२३ च्या डिसेंबरात पाडण्यात आला आणि त्या जागी स्मारक करण्याचे ठरले. स्मारक व्हावे, अवश्य व्हावे. पण तेथे एके काळी जे घडले ते दगडविटांत मावणारे नव्हते. नुकतेच जे शिकलो ते अजून ज्याला मिळाले नाही त्याच्यापुढे ठेवावे, हा तेथला व्यवहार होता. तो व्यवहार रोज संध्याकाळी आपल्या महाविद्यालयांच्या रिकाम्या वर्गांत चालू शकतो. त्यासाठी दिवे थोडा वेळ अधिक लागतील, शिपायाला थोडे थांबावे लागेल, आणि एखाद्या प्राध्यापकाला आठवड्यातला एक तास द्यावा लागेल. विद्येच्या एका चतुर्थांशासाठी ही किंमत जास्त आहे असे आम्हांस वाटत नाही.